ध्वनिसंचाची पूर्वजोडणी : एक उपयुक्त विद्या

आंबेडकरी विचार खेडोपाडी पोहोचला तो मोठ्या प्रमाणात आवाजाच्या बळावर. 1930 नंतरच्या काळात भीमराव कर्डक यांचे जलसे गाजले. पुढे वामनदादा कर्डक (1922–2004) यांच्या गीतांनी वस्त्यावस्त्या जागविल्या. त्या काळी ढोलकी आणि खडा आवाज एवढ्या साहित्यावर कार्यक्रम होत असे. आज नांदेड-लातूरकडील जयंतीला टेम्पोभर यंत्रे लागतात, आणि ती हाताळणाऱ्यांत आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले तरुणही आहेत. त्यांच्या उपयोगाची एक विद्या आम्ही येथे मांडीत आहोत.

मिक्सर, अॅम्प्लिफायर, बिनतारी माइकचे रिसीव्हर ही यंत्रे सुटी न्यावयाची आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने जोडावयाची, ही सर्वसाधारण रीत. त्यात वेळ जातो, पिना सैल राहतात, आणि वक्ता उभा राहिला की माइक खरखरतो. यावर उपाय म्हणजे सर्व यंत्रे चाकांच्या एका पेटीत कायमची बसवून आतील जोडण्या घरीच करून ठेवणे. या पेटीला रॅक म्हणतात. तिचे माप ठरलेले आहे : यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी 19 इंच, उंची 'यू' या एककात, आणि 1 यू म्हणजे 1.75 इंच. हे माप दिल्यास प्लायवूड आणि लोखंडी अँगल वापरून गावातील कारागीरही पेटी तयार करू शकतो.

जड अॅम्प्लिफायर तळाशी ठेवावा, म्हणजे पेटी कलंडत नाही. मिक्सर वर, हाताशी असावा. जयंती 14 एप्रिलची; मराठवाड्याचे ऊन तेव्हा चाळिशीला टेकलेले असते. म्हणून हवा खेळण्यास पुढून-मागून वाट मोकळी ठेवावी.

विजेच्या तारा एका बाजूने आणि ध्वनीच्या तारा दुसऱ्या बाजूने न्याव्यात. ओलांडणे भागच असेल तेथे त्या काटकोनात ओलांडाव्यात, म्हणजे घुरघुर कमी होते. माइकसाठी तीन टोकांची एक्सएलआर पिन वापरावी. तिच्या दोन तारांतून एकच ध्वनी परस्परविरुद्ध रूपात जातो. वाटेत शिरलेला गोंगाट मात्र दोन्हींत सारखाच असतो, आणि मिक्सर दोहोंतील फरक घेतो तेव्हा तो वजा होतो. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावावी. मागील पट्टीवर वीज, माइक आणि स्पीकर यांच्या जागा ठळक लिहाव्यात. मग कार्यक्रमस्थळी केवळ बाहेरच्या तारा जोडणे उरते.

सुरू करताना मिक्सर आधी, अॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अॅम्प्लिफायर आधी. हा क्रम पाळल्यास दणका बसून स्पीकर निकामी होत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. घुरघुर थांबविण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकण्याची खोड घातक आहे. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला माइक धरलेल्या गायकाच्या देहावाचून वाट उरत नाही. पेटीच्या मुख्य जोडणीवर एमसीबीबरोबर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा; गळती होताच तो वीज तोडतो. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर 230 ऐवजी जवळजवळ 400 व्होल्ट येऊ शकतात. म्हणून जनरेटर असो वा मंडपातील जोडणी, मीटरने मोजल्याखेरीज पेटी जोडू नये.

कायदाही जाणून घ्यावा. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे; रुग्णालय, शाळा व न्यायालयाभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकतो. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातील ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.

जलशातील गायकाचा प्रत्येक शब्द मागच्या रांगेतील म्हातारीला कळत असे. हीच कसोटी आपल्या ध्वनिसंचाला लावावी. या व्यवसायातील माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेत यावे, आपली पेटी उघडून मुलांना तिची जोडणी दाखवावी, ही आमची विनंती आहे.