नक्कल खरी कीं नांवापुरती?

नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं आधार योजनेचा पहिला क्रमांक देण्यांत आला. सरकारी नोंदी सांभाळावयास मोठी यंत्रणा असते. परंतु समजा, त्याच जिल्ह्यांतील एखाद्या शाळेनें भिली, पावरी व मावची बोलींतील शब्द, गाणीं आणि झाडपाल्याचीं नांवें आपल्याच संगणकावर विकीच्या रूपानें गोळा केलीं. तर तीं सांभाळणार कोण? ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडून तीं उतरून घेतलीं, ते कांहीं पुन्हां सांगावयास येणार नाहींत.

विकी म्हणजे अनेकांनीं मिळून लिहावयाचा व सुधारावयाचा ग्रंथ. वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ मध्यें पहिला विकी लोकांपुढें ठेविला. मराठी विकिपीडिया २००३ मध्यें सुरू झाला. विकीचा सारा मजकूर डेटाबेस नांवाच्या कोठारांत राहतो. चित्रें व ध्वनिमुद्रणें बहुधा निराळ्या कप्प्यांत असतात. रोज रात्रीं ठराविक वेळीं संगणकानें या कोठाराची नक्कल उतरावी आणि ती आवळून ठेवावी, असा प्रघात आहे.

घोटाळा होतो तो येथेंच. नक्कल उतरणारा प्रोग्राम एक, ती आवळणारा दुसरा. परवलीचा शब्द बदलल्यामुळें पहिला दारांतूनच परत फिरला, तरी दुसरा रिकामें पाकीट निमूटपणें बंद करून त्यावर तारीख घालतो. संगणकहि बहुधा शेवटच्या प्रोग्रामचाच निकाल पाहून ‘काम झालें’ असें कळवितो. म्हणून प्रथम फाइलीचें आकारमान पाहावें. तें अवघें २० बाइट भरलें, तर आंत कांहीं नाहीं असें समजावें. हातानें चालविल्यास नक्कल निघते पण रात्रीं निघत नाहीं, असें दिसलें, तर रात्रपाळीच्या व्यवस्थेस प्रोग्रामचें ठिकाण ठाऊक नसावें. आज्ञेंत त्याचा पुरा पत्ता लिहावा.

फाइल मोठी असली तरी ती पुरी आहे असें नव्हे. डिस्क भरली, किंवा मध्येंच वीज गेली, तर नक्कल अर्ध्यावर तुटते. मायएसक्यूएलच्या नकलेखालीं ‘डंप कंप्लीटेड’ अशी ओळ येत असते. ती नसेल तर नक्कल अपुरी समजावी. तिसरा धोका लिपीचा. आजच्या यूटीएफ-आठ संकेतांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत बसतें. नक्कल काढतांना एक संकेत आणि परत भरतांना दुसरा लागू झाला, तर भिली शब्दांच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें उरतात. चित्रांचा कप्पा व मांडणीची फाइल यांची नक्कल स्वतंत्रपणें घ्यावी लागते, हेंहि पुष्कळदां विसरलें जातें.

अशी चूक लहानांच्याच हातून होते असें नाहीं. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. नकला शोधूं लागतां त्या निघालेल्याच नव्हत्या असें आढळलें. नक्कल काढणारा प्रोग्राम डेटाबेसहून जुन्या आवृत्तीचा असल्यानें दररोज थांबत होता, आणि तें कळविणारीं पत्रें मेलव्यवस्था नाकारीत होती. दुसऱ्याच कामासाठीं सुमारें सहा तासांपूर्वीं हातानें घेतलेली एक प्रत सांपडली, म्हणून बहुतेक सारें वांचलें. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

तेव्हां परत भरून पाहिल्यावांचून कोणत्याहि नकलेवर विश्वास टाकूं नये. महिन्यांतून एकदां ती दुसऱ्या संगणकावर भरावी, चारदोन पानें वाचावीं, एखादें ध्वनिमुद्रण लावून ऐकावें. एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर, शक्य तर दुसऱ्या गांवीं असावी. या कामीं महिन्यांतून तासभर जाईल. परंतु एका पिढीची बोली पुढच्या पिढीच्या हातीं सुखरूप पडेल.