मिशीवाला पाहुणा : आधी ओळखा, मग सांभाळा



तालुक्याच्या बाजारात रंगीत माशांचे दुकान पाहिले की आपले पाय तिथेच थबकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात इवलासा मासा आणि त्या माशाला मिशा! दुकानदार म्हणतो, "घेऊन जा, हा काच साफ करतो." झाले, मासा घरी येतो. पण तो कोण, केवढा होणार, खाणार काय, हे कोणी विचारत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो हातभर होतो, पेटीत मावत नाही. मग घरात ठरते, "ओढ्यात सोडून देऊ, मुक्या जिवाला सोडल्याचे पुण्य लागेल." खरेच पुण्य लागते का? तेच या लेखात पाहू या.

मांजरमासा म्हणजे कोण?

तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा असतात म्हणून यांना मांजरमासे म्हणतात. जगात यांच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. काही बोटाएवढ्या, तर काही माणसापेक्षा मोठ्या! सगळ्यांची सामाईक ओळख अशी :

१) तोंडाजवळ मिशा. या केसांच्या नसतात, मांसाच्या असतात. त्यांवर चव कळणारे बारीक ठिपके असतात. गढूळ पाण्यात आणि अंधारात डोळे कामाला येत नाहीत, तेव्हा हा मासा मिशांनी चाचपून अन्न शोधतो. म्हणजे आपली जीभ तोंडात, तर याची मिशीतसुद्धा!

२) अंगावर खवले नाहीत. रोहू, कटल्याच्या अंगावर असतात तसे खवले यांना नसतात. कातडी गुळगुळीत व बुळबुळीत असते, नाहीतर अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते.

३) परात काटे. बहुतेक जातींत पाठीवरच्या व बाजूच्या परात टणक काटा असतो. शत्रू आला की तो काटा ताठ उभा राहतो. म्हणून हा मासा मुठीत धरू नये, बरं का!

आपल्याकडचे मांजरमासे

मागूर : अंग तपकिरी-काळसर, डोके चपटे, मिशांच्या चार जोड्या म्हणजे आठ मिशा. पाठीवरचा पर डोक्यामागून सुरू होऊन जवळजवळ शेपटीपर्यंत जातो. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो. त्याने तो हवेतला प्राणवायू घेतो. त्यामुळे पाणी आटलेल्या डबक्यातही तो तग धरतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे पाणी गाठतो. पावसाळ्यात उथळ पाण्यात व भातखाचरात अंडी घालतो. हा आपला देशी मागूर आता कमी होत चालला आहे. जगभरच्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे.

शिंगी : हीसुद्धा आठ मिशांची आणि हवा घेणारी. मग मागूर आणि शिंगी ओळखायची कशी? पाठीकडे बघा. मागुराचा पाठीवरचा पर लांबलचक, तर शिंगीचा अगदी आखूड, चिमटीत मावेल एवढा. शिंगीच्या बाजूच्या परातील काटा विषारी असतो. तो लागला तर फार ठणका लागतो. अशा वेळी जखम धुवावी, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा आणि दवाखान्यात जावे. लहान मुलांनी शिंगीला हात लावूच नये.

शिंगाळा : याच्या मिशा खूप लांब असतात. पाठीवर दोन पर दिसतात. पुढच्यात काटा असतो. मागचा नुसता मऊ, चरबीचा असतो. गावोगावी याला वेगवेगळी नावे आहेत. आजोबांना विचारा, ते तुमच्या गावचे नाव सांगतील.

दुकानात मिळणारे मांजरमासे

कोरी : पूर्ण नाव कोरिडोरास. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बहुतेक जाती दीड ते तीन इंचांच्या. अंगाच्या प्रत्येक बाजूला हाडांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी असतात. स्वभावाने अगदी गरीब. एकटा ठेवला तर घाबरून कोपऱ्यात बसतो. पाच-सहा जण असले की मजेत वाळू हुंगत फिरतात. मधेच वर येऊन हवेचा घोट घेतात, तो प्राणवायू त्यांच्या आतड्यातून रक्तात जातो. लहान पेटीसाठी हाच सर्वांत चांगला.

सकर : हाच तो "काच साफ करणारा". तोंड खालच्या बाजूला, बशीसारखे, काचेला चिकटणारे. अंगावर कडक चिलखत, पाठीवर शिडासारखा मोठा पर. दुकानात दोन इंचांचा असतो, पण पुढे दीड फुटापर्यंत वाढतो! तो काचेवरचे शेवाळ खातो हे खरे. पण इतर माशांची विष्ठा खातो हे मात्र साफ खोटे. उलट तो स्वतःच भरपूर घाण करतो.

काचमासा : याच्या शरीरातून पलीकडचे दिसते! आतला काटा मोजता येतो. दोन लांब मिशा पुढे काढून घोळक्याने एका जागी तरंगतो. नाजूक आहे, नव्या पेटीत टिकत नाही.

"शार्क" म्हणून विकतात तो : चंदेरी अंग, बाजूने काळे पट्टे, मिशांच्या दोन जोड्या. हा शार्क नाही. हा पंगास, आग्नेय आशियातल्या मोठ्या नद्यांतला मांजरमासा. आपल्याकडे खाण्यासाठी त्याची शेती करतात. तो चार फुटांपर्यंत वाढू शकतो. आता सांगा, दोन फुटी पेटीत तो काय करणार?

दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते, ते असे!

पेटी कशी लावावी?

आधी गणित करू. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच आहे. ६० × ३० × ३० = ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे नुसत्या पाण्याचेच ओझे ५४ किलो! म्हणून पेटी डुगडुगत्या स्टुलावर ठेवू नये. भक्कम टेबल किंवा कट्टा हवा. उन्हात ठेवू नये. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि शेवाळही माजते.

तळाशी बारीक, गोलसर, धुतलेली वाळू घालावी. टोकदार खडी नको, तिने मिशा झिजतात व जखमा होतात. लपायला जागा हवीच, कारण बहुतेक मांजरमासे दिवसा विश्रांती घेतात आणि रात्री फिरतात. त्यासाठी पैसे खर्चायला नकोत. कौलाचा तुकडा, नारळाची करवंटी, फुटके बोळके चालते. फक्त कडा घासून बोथट कराव्यात.

वर झाकण हवे. पाणी काठोकाठ भरू नये, दोन-तीन इंच जागा मोकळी सोडावी. हवा घ्यायला वर येणाऱ्या माशांना ती लागते. मागूर तर झाकण नसेल तर रात्रीतून बाहेर येतो.

पाणी : नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी टीसीएल पावडर टाकलेली असते. आपल्याला ती उपकारक, पण माशांचे कल्ले तिने जळतात. म्हणून पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. बादलीला साबण लागलेला नसावा.

नवी पेटी आणि न दिसणारे मदतनीस : मासे विष्ठा करतात, उरलेले अन्न कुजते. त्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही, पाणी स्वच्छच वाटते, आणि मासे मात्र मरतात. मग आपण म्हणतो, "नजर लागली." नजर नाही, अमोनिया! फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत हळूहळू काही उपयोगी जिवाणू वाढतात व अमोनियाचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. त्यांना वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशीच दहा मासे सोडू नयेत. एक-दोन सोडावेत, महिन्याभराने बाकीचे. स्पंज धुवायचा तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळावा. नळाखाली चोळून धुतला तर मदतनीस मरून जातात.

दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम बदलणे चूक आहे. काढलेले पाणी फुलझाडांना घालावे, ते उत्तम खत आहे.

वीज गेली तर? : आपल्याकडे हा प्रश्न नेहमीचाच. पंप बंद पडला तर खायला घालू नये. मगाने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत पेटीत ओतावे, म्हणजे हवा मिसळते. मुळात मासे कमी ठेवले तर ही वेळ सहसा येत नाही.

खाणे : अन्न तळाशी बुडणारे हवे आणि संध्याकाळी दिवेलागणीला द्यावे. पाच-दहा मिनिटांत संपेल एवढेच. गांडुळाचे बारीक तुकडे कोरीला फार आवडतात. सकरला उकडलेल्या काकडीची किंवा दुधीची चकती द्यावी, उरलेली सकाळी काढून टाकावी. भाताची शिते, पोळीचे तुकडे नकोत. आणि एक नियम लक्षात ठेवा : मांजरमाशाच्या तोंडात जो मावतो, तो त्याचा शेजारी नसतो, जेवण असते! मागुराबरोबर गप्पी ठेवाल तर सकाळी मागूर एकटाच दिसेल.

पकडताना : जाळीत काटे अडकतात, जाळीही फाटते आणि मासाही जखमी होतो. म्हणून बरणी किंवा डबा पाण्यात आडवा धरून त्यात हळूच हाकलावा.

आता सर्वांत महत्त्वाचे

मासा मोठा झाला, कंटाळा आला, गाव बदलायचे आहे. कारण काहीही असो, पेटीतला मासा नदीत, ओढ्यात, विहिरीत, पाझर तलावात सोडायचा नाही. गणपती विसर्जनाबरोबरसुद्धा नाही. का, ते ऐका.

सकर हा दक्षिण अमेरिकेतला. तिकडे त्याला खाणारे प्राणी आहेत. आपल्या नद्यांत त्याच्या काटेरी चिलखताला हात घालणारे फारसे कोणी नाही. तो हवेचे घोट घेऊन घाण पाण्यातही जगतो. काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, त्याने काठ ढासळतो. जाळ्यात सापडला तर काट्यांनी जाळे फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे कोळी बांधवांचे जाळेही गेले आणि दिवसही गेला. २०२० साली वाराणसीजवळ गंगेत हा मासा जाळ्यात सापडला. कोलकात्याच्या पाणथळीत आणि दक्षिणेतल्या राज्यांतही तो पसरला आहे. तो तिथे पोहत आला नाही. माणसांनीच आणला, आणि तळ्यांतून, पेट्यांतून तो बाहेर पडला.

दुसरा थाई मागूर. नाव थाई, पण मूळचा आफ्रिकेतला. दिसायला आपल्या मागुरासारखाच, लांब पर, आठ मिशा. पण आपला देशी मागूर वजनाने सहसा किलोच्या आत असतो. हा मात्र भराभरा वाढून कित्येक किलोंचा होतो आणि दिसेल तो मासा गिळतो. त्याच्या पोटात आपले देशी मासे व त्यांची पिल्ले जातात. म्हणून केंद्र सरकारने २००० साली त्याच्या शेतीवर बंदी घातली. महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागाने चोरून पाळलेल्या थाई मागुराची तळी नष्ट केली आहेत. पिल्लू लहान असताना दोघांतला फरक सांगणे अवघड असते. तेव्हा कोणी "मागुराचे पिल्लू" म्हणून दिले तर घेऊ नये. शंका आल्यास मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे.

एक मासा सोडला तर काय बिघडते, असे वाटेल. पण तुम्ही एक सोडलात, शेजारच्या गावातून एक आला, की जोडी झाली. एकदा नदीत पिल्ले झाली की मग ती वेचून काढता येत नाहीत. पुण्य म्हणून सोडलेला एक जीव शेकडो देशी जिवांना भारी पडतो.

मग करावे काय? दुकानदाराला परत द्यावा. मोठी पेटी असलेल्याला द्यावा. आणि सर्वांत सोपे म्हणजे घेण्याआधीच दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत : याचे नाव काय? पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? एकटा राहतो की घोळक्यात? खातो काय? उत्तरे आली नाहीत तर मासा घेऊ नये. पालकहो, मुलाने हट्ट केला तरी घेऊ नये!

सांगा पाहू!

१) मागूर आणि शिंगी यांच्यातला फरक कोणत्या परावरून कळतो?
२) स्पंज नळाखाली का धुवू नये?
३) "शार्क" म्हणून विकतात तो मासा खरा कोण?
४) ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच पेटीत किती लिटर पाणी मावेल?

पहिल्या तिन्हींची उत्तरे याच लेखात आहेत. चौथे वहीत सोडवा आणि बाईंना दाखवा.

– विज्ञान मंडळ, इयत्ता सातवी