जुन्या इंजिनाला नवा हुकूम

पुण्यांत कोथरूडला भाऊ जोशी यांनीं उभारलेलें व १९९८ सालीं खुलें झालेलें लघु-रेल्वेंचें संग्रहालय आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. हातांत मावणाऱ्या गाड्यांचा तो संसार पाहून आल्यावर, माळ्यावरच्या पेटींत पडलेलें वडिलांच्या वेळचें विजेचें छोटें इंजिन पुन्हा चालवावें, आणि तेंही आजच्या अंकीय पद्धतीनें, अशी इच्छा पुष्कळांना होते. ती कशी पुरी करतां येते आणि तींत धोका कोठें आहे, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

जुनी पद्धत साधी आहे. रुळांना शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत एकदिश वीज द्यावयाची. दाब वाढविला कीं इंजिन वेगानें धांवतें, ध्रुव बदलले कीं उलट जातें. म्हणजे हुकूम इंजिनाला नसतो, रुळाला असतो. एका रुळावर दोन इंजिनें ठेवलीं तर दोन्ही बरोबरच निघतात. नंदुरबार स्टेशनांत एक गाडी सुरतेकडे सुटावी व दुसरी फलाटाशीं उभी राहावी, हें नित्याचें दृश्य. पण तें खेळांत आणावयाचें तर रुळांचे भाग विजेपुरते अलग करून प्रत्येकास निराळें बटण बसवावें लागतें.

नव्या पद्धतीचा पाया जर्मनींतील लेन्ट्झ यांच्या कारखान्यांत घातला गेला, आणि अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननें १९९० नंतरच्या दशकांत तीवरूनच आपलें प्रमाण ठरविलें. हींत रुळांत सदैव पूर्ण दाब असतो. वीज मात्र सेकंदाला हजारों वेळां दिशा पालटते. पालटण्याचा अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर त्याचा अर्थ एक. १०० किंवा अधिक असला तर शून्य. या एक-शून्यांच्या माळेंत इंजिनाचा क्रमांक व त्याला दिलेला हुकूम गुंफलेला असतो. गुरुजी हजेरी घेतांना नांव साऱ्या वर्गाला ऐकूं जातें, ‘हजर’ मात्र एकच मुलगा म्हणतो, तसेंच हें. इंजिनाच्या पोटांतील डिकोडर नांवाचें चिमुकलें यंत्र आपला क्रमांक येईल तेव्हांच मोटर हालवितें.

आतां धोक्याची जागा. रूळ आणि मोटर यांच्यामध्यें वाट एकच असावी, ती डिकोडरमधून. जुन्या पुष्कळ इंजिनांत मोटरच्या दोन कार्बन ब्रशांपैकीं एक धातूच्या सांगाड्याला, आणि सांगाडा एका रुळाला जोडलेला असतो. तो तसाच ठेवून डिकोडर बसविला तर रुळाची वीज मागच्या दारानें आंत शिरते व डिकोडर क्षणांत जळतो. म्हणून पहिलें काम ब्रश अलग करण्याचें. ट्रायांगच्या एक्स-०४ मोटरमध्यें ब्रश दाबणाऱ्या स्प्रिंगच्या एका पायावर वीज अडविणारी बारीक नळी असते. दुसऱ्या पायावरही तशीच चढवावी लागते. मग मीटर लावून पाहावें: कोणताही ब्रश आणि चाकें यांमध्यें वीज जातां कामा नये.

त्यानंतर तारा डाखाव्या. तांबडी उजव्या रुळाकडची, काळी डाव्या. नारिंगी व करडी मोटरच्या दोन ब्रशांना. पहिली परीक्षा थोड्याच विजेच्या वेगळ्या रुळावर घ्यावी. नव्या डिकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो. तो वाचतां आला म्हणजे जोडणी नीट झाली असें समजावें.

परंतु या सर्वांच्या आधीं इंजिन जुन्याच विजेवर चालवून पाहावें. कम्युटेटर पुसावा, दांत्यांना तेलाचा थेंब द्यावा, आणि मोटर क्षणभर अडवून ती किती वीज ओढते तें मोजावें. लोहचुंबक अशक्त झालेली मोटर अधिक ओढते. डिकोडरची शक्ति त्याहून जास्तच हवी. आजारी इंजिन अंकीय हुकुमानें बरें होत नाहीं.

शेवटीं एक विनंति. काढलेला प्रत्येक भाग पाकिटांत जपून ठेवावा, आणि निव्वळ जागेसाठीं सांगाडा कानशीनें घासूं नये. इंजिन दुर्मिळ असेल तर त्याला हात न लावतां जुन्याच पद्धतीनें चालवावें. जळलेला डिकोडर बाजारांत पुन्हा मिळतो. वडिलांच्या इंजिनाचा कापलेला सांगाडा मिळत नाहीं.