नंबर देवळालीचा, फोन परदेशात

महाराष्ट्रात ओळखीच्या देवळाली दोन. एक नाशिकची, लष्करी छावणीची. दुसरी राहुरी तालुक्यातली, उसाची आणि साखर कारखान्याच्या शेजारची. नुसतं ‘देवळाली’ म्हटलं की बाहेरच्याला आधी नाशिकच आठवतं, म्हणून पत्त्यात ‘प्रवरा’ जोडावंच लागतं. टेलिफोनच्या जमान्यात हा घोळ नव्हता. राहुरीकडचा एसटीडी कोड 02426, नाशिकचा 0253. कोड ऐकला की गाव कळायचं. मोबाइल आला आणि दहा आकड्यांतून गाव पुसलं गेलं. पण त्या नंबरला अजूनही एक घर असतं. ते कुठे आहे हे कळतं फोन देशाबाहेर गेल्यावर, आणि बहुतेक वेळा बिल आल्यावर.

देवळाली प्रवरा किंवा राहुरीसारख्या गावांतून परदेशी जाणारे सगळेच नोकरीला किंवा शिकायला निघालेले नसतात. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया असतात, नातवंडं सांभाळायला सहा महिने जाणारे निवृत्त मास्तर असतात. जवळच काकडीला 2017 मध्ये शिर्डीचं विमानतळ सुरू झालं, तरी परदेशाच्या विमानासाठी बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते. बॅगेचं वजन तीनदा होतं. मेतकूट, डिंकाचे लाडू, बाळंतविडा सगळं आठवणीनं भरलं जातं. फोनचा विषय निघतो तो निघायच्या आदल्या रात्री, आणि तोही ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून संपतो. खरं तर तो इथेच बघायचा विषय आहे.

परदेशात फोन चालू केला की काय घडतं, हे एकदा समजून घेतलं तर निम्मे प्रश्न सुटतात. सिमकार्डाच्या पोटात एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. आपल्याला ठाऊक असलेला दहा आकडी नंबर वेगळा, हा वेगळा. भारतातल्या सिमचा हा क्रमांक 404 किंवा 405 ने सुरू होतो आणि पुढचे आकडे कंपनी सांगतात. समजा, देवळालीच्या एका काकूंचा फोन फ्रँकफर्टला उतरला. तिथलं नेटवर्क हे आकडे वाचतं आणि भारतातल्या कंपनीला विचारतं, की हे तुमचंच का, आणि याला आमच्याकडे फिरू द्यायचं का? भारतातली कंपनी आपल्या वहीत नोंद करते की अमुक नंबर सध्या फ्रँकफर्टला आहे. सिम सासरी गेलं तरी त्याचं नाव माहेरच्याच वहीत राहतं.

आता देवळालीतल्या शेजारणीनं सहज फोन लावला. तिला कुठे ठाऊक असतं काकू कुठे आहेत? तिचा कॉल आधी माहेरी, म्हणजे भारतातल्या कंपनीकडे जातो, तिथे नोंद बघितली जाते आणि मग तो फ्रँकफर्टला पाठवला जातो. शेजारणीला नेहमीचाच दर पडतो. पुढच्या लांबच्या प्रवासाचे पैसे मात्र ज्यांचा फोन वाजला त्या काकूंच्या नावावर. ‘मी तर फोन लावलाच नाही, फक्त उचलला,’ ही तक्रार म्हणूनच फुकट जाते. रोमिंगमध्ये उचलणंही महाग असतं. भारतात 2003 नंतर इनकमिंग फुकट झालं आणि ही गोष्ट आपण पार विसरून गेलो.

इंटरनेटचंही असंच. भारतीय सिमवर परदेशात नेट वापरलं की ती माहिती साधारणपणे भारतातल्या कंपनीकडून फिरून येते. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बंद आहे. तरी रोमिंगवर आलेल्या पाहुण्याच्या फोनवर ते चालतं, त्याचं कारण हेच. तिथल्या स्थानिक सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर ते चालत नाही. दुबई, अबुधाबीकडे आणखी निराळी तऱ्हा. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर जातो, फोटो जातात, पण स्थानिक नेटवर्कवर त्याचा कॉल लागत नाही. बोलण्यासाठी परवाना मिळालेली बॉटिमसारखी अ‍ॅप वापरावी लागतात. मुलगा आखातात असेल तर आई-वडिलांच्या फोनवर हे अ‍ॅप आधीच टाकून, एकदा बोलून बघितलेलं बरं.

मग फोन कोणता न्यायचा? इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती ज्येष्ठांची. हाताला सरावलेला, आठवडाभर चार्जिंग टिकणारा बटणांचा फोन सुटत नाही. पूर्वीही तो सगळीकडे चालत नव्हता. भारत 900 आणि 1800 मेगाहर्ट्‌झवर बोलायचा, अमेरिका 850 आणि 1900 वर. त्यामुळे इथला साधा नोकिया अमेरिकेत मुका व्हायचा. जपानमध्ये तर आपल्याकडची जीएसएम पद्धत कधी आलीच नाही. आता अडचण उलटी आहे. भारतात टू-जी अजून जिवंत आहे, पण सिंगापूरनं ते 2017 मध्ये बंद केलं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये आणि ऑस्ट्रेलियानं 2024 मध्ये थ्री-जीसुद्धा गुंडाळलं. तिथे फोर-जीवरून बोलू शकणारा फोनच हवा. फोर-जीवर नेट चालतं म्हणजे त्यावरून कॉलही लागेल, असं नाही.

दुसरी गंमत भेटीच्या फोनची. मुलगा आपला जुना आयफोन प्रेमानं बाबांना देतो. तो अमेरिकेत विकत घेतलेला आणि 2022 च्या आयफोन 14 पासून पुढचा असेल, तर त्यात सिम घालायची फटच नसते. चालतं ते फक्त ई-सिम. बाबा भारतातलं सिम बोटांत धरून त्याच्या चारी कडा तपासत बसतात. ई-सिम करून घेण्याचं काम निघण्यापूर्वी, इथल्या रेंजमध्ये असताना करणं फार सोपं.

हे सगळं किचकट वाटलं तर थोडं मागे बघावं. मनमाडहून नगरमार्गे दौंडला जाणारी रेल्वे राहुरीवरून जाते. त्याच दौंडला इंग्रजांच्या काळात विलायतेचे बिनतारी संदेश उतरत. 1927 मध्ये इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र खडकीला होतं आणि घेणारं दौंडला. मुंबई-लंडन बोलणं सुरू झालं 1933 मध्ये. पुढे जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाशी बोलणारं केंद्र 1971 मध्ये उभं राहिलं. 1976 मध्ये मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवता येऊ लागला. गावोगावी पिवळ्या पाटीचे बूथ आले ते त्यानंतर. रात्री दर उतरायचे, म्हणून जेवणं उरकून बूथवर रांग लागायची आणि काचेपलीकडचं मीटर बघत ‘बरं आहे ना, बरं आहे, ठेवतो’ एवढ्यात संभाषण आटपायचं. परदेश तेव्हा मिनिटांत मोजला जायचा. आज व्हिडिओ कॉलवर आजी नातवाला तासभर काऊचिऊचा घास भरवते, आणि तरी ‘नंबर लागत नाही’ हे वाक्य काही घरातून गेलेलं नाही.

कारण आता फोनवर बोलणं ही नंबरची दुय्यम कामगिरी झाली आहे. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, गॅसच्या बुकिंगचा मेसेज, पेन्शनचा मेसेज, सगळं त्या दहा आकड्यांवर येतं. परदेशात सिम बदललं की बोलणं चालू राहतं, पण बँक मुकी होते. सहा महिन्यांच्या मुक्कामात याहून मोठा धोका असतो. सलग 90 दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. प्रीपेड खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर नंबर राखण्याची तरतूद नियमात आहे, पण तिच्या भरवशावर राहण्यापेक्षा मुदत संपायच्या आत रिचार्ज मारलेला बरा. बंद झालेला नंबर निदान 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर तो कुणालाही मिळू शकतो. मग आजोबांच्या खात्याचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागतात.

त्यामुळे सामान्य प्रवाशासाठी सगळ्यात शहाणा मार्ग दोन सिमचा. एका जागी भारतातलं सिम, मेसेजपुरतं जागं ठेवलेलं. त्याचं डेटा रोमिंग बंद. रोमिंग सेवा मात्र निघण्यापूर्वी सुरू करून घ्यायची, नाहीतर मेसेजही यायचे नाहीत. मेसेज येण्याला सहसा पैसे पडत नाहीत, तरी आपल्या कंपनीला विचारून घ्यावं. दुसऱ्या जागी तिथलं सिम किंवा ई-सिम, नेट आणि बोलण्यासाठी. व्हॉट्सअ‍ॅप भारतातल्याच नंबरवर ठेवायचं. नवं सिम घातलं की ते ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारतं, त्याला नाही म्हणायचं. दहा दिवसांच्या सहलीला एवढा खटाटोप नको. कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा आणि मोकळं व्हावं. महिनोन्‌महिने राहणाऱ्यानं पॅकवर पॅक मारणं मात्र निव्वळ उधळपट्टी.

आणि मिस्ड कॉल! आपल्याकडे मिस्ड कॉल म्हणजे न बोलता दिलेला निरोप. ‘पोहोचलो की मिस्ड कॉल देतो’ यात एक रुपया वाचवल्याचं समाधान असतं. या सवयीवर टपलेले लोकही आहेत. अनोळखी परदेशी नंबरावरून एकदाच घंटी वाजते, माणूस उलट फोन लावतो आणि बॅलन्स उडतो. या फसवणुकीला जपानी भाषेतलं ‘वांगिरी’ असं नाव आहे, म्हणजे एक घंटी आणि कट. लेकरू परदेशात असलं की +91 सोडून कुठलाही नंबर दिसला तरी आईचा हात फोनकडे जातोच. घरच्यांचे परदेशी नंबर नावानिशी साठवून ठेवले असतील तर तो थांबवता येतो.

इथले नंबर साठवतानाही सुरुवातीला +91 लावावं. घरात जुना लँडलाइन असेल तर परदेशातून लावताना सुरुवातीचं शून्य गाळायचं. 02426 चं +91 2426 होतं. शून्यासकट फिरवत राहिलं तर कॉल लागत नाही आणि ‘घरी कुणी उचलत नाही’ या काळजीत रात्र जाते.

शेवटची गोष्ट फोनबाहेरची. विमानातून उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो, कुठे राहणार, कुणाकडे, त्यांचा नंबर काय? नेमक्या त्या वेळी नवं सिम सुरू झालेलं नसतं, चौदा तासांच्या प्रवासात बॅटरी संपलेली असते आणि काही विमानतळांचं वायफाय सुरू व्हायला आधी मेसेजवरचा ओटीपी मागतं. तेव्हा मुलाचा पत्ता, त्याचा, सुनेचा आणि तिथल्या एखाद्या शेजाऱ्याचा नंबर साध्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. देवळालीच्या घरचा नंबरही त्याखाली लिहा, शून्य गाळून.