कुलेतिहास संशोधनासाठी आंतरजालीय साधनांची निवड : विनामूल्य व सशुल्क स्रोतांचा विचार
(सावर्डे परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश
आंतरजालावर कुलेतिहासाची विनामूल्य व सशुल्क अशी दोन्ही प्रकारची साधने उपलब्ध आहेत. त्यांतील निवड किमतीवरून किंवा प्रसिद्धीवरून न करता, 'आपल्या घराण्याची नोंद कोणी, कोठे व कशासाठी केली असेल' या प्रश्नाच्या उत्तरावरून करावी, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे. चिपळूण तालुक्यातील सावर्डे व परिसरातील कुटुंबांचा विचार करता बहुतेकांस उपयुक्त ठरणारी साधने विनामूल्य किंवा अल्प शुल्काची आहेत. मोठ्या परदेशी संकेतस्थळांचे वर्गणीमूल्य काही विशिष्ट कुटुंबांच्या बाबतीतच सार्थकी लागते.

१. प्रस्तावना
आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हटला की कुलवृत्तांत डोळ्यांसमोर येतो. विसाव्या शतकात कोकणातील अनेक घराण्यांनी असे ग्रंथ परिश्रमपूर्वक सिद्ध केले. मात्र कुलवृत्तांत छापण्याइतकी साधने व शिक्षण असलेली घराणी थोडी होती. कुणबी, महार, तेली, कुंभार, भंडारी, दालदी इत्यादी समाजांतील बहुसंख्य कुटुंबांच्या हाती असा ग्रंथ नाही. त्यांच्या दृष्टीने कुलेतिहास हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. महाविद्यालयीन प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र मिळविताना विद्यार्थ्याला वंशावळ व पूर्वजांच्या नोंदी सादर कराव्या लागतात. पुराव्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांकरिता १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीच्या नोंदी महत्त्वाच्या मानल्या जातात. म्हणजेच आजोबा-पणजोबांचा एक कागद नातवंडाचे शैक्षणिक भवितव्य ठरवू शकतो. अशा वेळी चुकीच्या संकेतस्थळावर पैसा व वेळ खर्ची पडणे ही किरकोळ बाब राहत नाही.

२. मूळ प्रश्न : नोंद कोणी केली?
पाश्चात्त्य देशांतील सशुल्क संकेतस्थळांचा मुख्य आधार म्हणजे जनगणनेची व्यक्तिनिहाय पत्रके होत. अमेरिकेची १९५० ची पत्रके ७२ वर्षांच्या गोपनीयतेनंतर २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंड व वेल्सची १९२१ ची पत्रकेही त्याच वर्षी 'फाइंडमायपास्ट' या सशुल्क संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली. भारतात ब्रिटिश काळापासून जनगणना होत असली तरी व्यक्तिनिहाय पत्रके जतन केली गेली नाहीत. केवळ आकडेवारीचे अहवाल उरले. त्यामुळे लंडन किंवा बोस्टनमधील कुटुंबाला जे पैसे देऊन सहज मिळते, ते सावर्ड्यातील कुटुंबाला कितीही वर्गणी भरली तरी मिळणार नाही, कारण ते अस्तित्वातच नाही.

आपल्याकडे नोंदी झाल्या त्या प्रामुख्याने महसुलासाठी. रत्नागिरी जिल्हा हा खोती पद्धतीचा प्रदेश. १८८० च्या खोती सेटलमेंट कायद्यान्वये तयार झालेल्या 'बोटखतां'त खोत, धारेकरी व कुळे यांची नावे आढळतात. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर अनेक कुळे हक्कनोंदणीत आली. याखेरीज फेरफार नोंदवही (गाव नमुना ६), वारस प्रकरणांची नोंदवही (६-क), जन्म-मृत्यूची गाव नोंदवही (गाव नमुना १४) आणि प्राथमिक शाळांचे जनरल रजिस्टर ही चार साधने सर्वसामान्य कुटुंबासाठी सर्वाधिक मोलाची होत. जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत व शाळेच्या रजिस्टरात जातीचा उल्लेख असतो. वारस नोंदीत विवाहित मुलींची नावे सासरच्या आडनावांसह येतात. त्यामुळे पुरुषप्रधान वंशावळीत लुप्त झालेल्या स्त्रियांचा मागही तेथूनच लागतो. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांच्यासाठी शाळा, जन्म-मृत्यू नोंद आणि सैन्यसेवा हेच मार्ग उरतात.

३. विनामूल्य स्रोत
(अ) शासकीय संकेतस्थळे : 'महाभूलेख'वर चालू सातबारा व ८-अ उतारा माहितीसाठी विनामूल्य पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा अल्प शुल्कात मिळतो. सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक ही गतकाळाकडे नेणारी पायवाट होय. एकेक फेरफार मागे जात वाचल्यास दोन-तीन पिढ्यांचा क्रम उलगडतो. जुने अभिलेख स्कॅन करून उपलब्ध करण्याचे काम तालुक्यागणिक कमी-अधिक झालेले असल्याने, संकेतस्थळावर नोंद न दिसल्यास ती नाहीच असे मानू नये. चिपळूणच्या तहसील व भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर अर्ज करावा. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यानंतर कुणबी नोंदींचा व्यापक शोध झाला आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय प्रतिमा प्रसिद्ध झाल्या. राजकीय वाद बाजूला ठेवला तरी कुलेतिहासाच्या अभ्यासकाला हे मोठे विनामूल्य दालन ठरले आहे.

(आ) 'फॅमिलीसर्च' : अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील मॉर्मन चर्चतर्फे चालविले जाणारे हे संकेतस्थळ पूर्णतः विनामूल्य आहे. हरिद्वारादी उत्तरेकडील तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा येथे पाहता येतात. कोकणातील यात्रेकरूंची नावे नाशिक, त्र्यंबकेश्वर व काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत असण्याचा संभव अधिक असल्याने तेथील उपाध्यायांशी प्रत्यक्ष संपर्क हाच उत्तम मार्ग होय.

(इ) राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोग : रत्नागिरी जिल्ह्यातून मराठा व महार समाजातील अनेक तरुण पहिल्या महायुद्धात गेले. १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभारली गेली व १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात मोठी किंमत मोजली. कामी आलेल्या सैनिकांची सूची या आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य असून अनेक भारतीय नोंदींत पित्याचे नाव, गाव व जिल्हा दिलेला असतो. बसरा येथील स्मारकावर भारतीय शिपायांची नावे न कोरता केवळ संख्या कोरली गेली होती. स्मरणातील अशा विषमतेची कबुली आयोगाने २०२१ मध्ये दिली. त्यामुळे या सूचीत नाव नसणे हा सैन्यसेवा न झाल्याचा पुरावा ठरत नाही.

(ई) ग्रंथसंग्रह : १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीविषयक दहावा खंड 'इंटरनेट आर्काइव्ह'वर विनामूल्य वाचता येतो. त्यात व्यक्तींची वंशावळ नाही, परंतु जाती, गावे, बंदरे व स्थलांतर यांचा संदर्भ मिळतो.

४. सशुल्क स्रोत : कोणास उपयुक्त?
'अँसेस्ट्री', 'मायहेरिटेज' व 'फाइंडमायपास्ट' ही प्रमुख सशुल्क संकेतस्थळे होत. ती पुढील कुटुंबांना उपयोगी ठरू शकतात. एक, ज्यांचे पूर्वज ब्रिटन किंवा अमेरिकेत गेले. त्यांना प्रवासीयाद्या, नागरिकत्वाचे कागद व तेथील जनगणना मिळू शकते. दोन, ख्रिस्ती कुटुंबे व ब्रिटिश चाकरीतील युरोपीय घराणी. इंडिया ऑफिसकडे पाठविलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी 'फाइंडमायपास्ट'वर आहेत. मात्र यांपैकी अनेक नोंदींची सूची 'फॅमिलीसर्च'वर विनामूल्य शोधता येते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'ची सूचीही विनामूल्य आहे. आधी सूची तपासावी, नाव सापडल्यासच मूळ प्रतिमेसाठी पैसे द्यावेत.

मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची गोष्ट निराळी. १८३४ पासून सुरू झालेल्या करारबद्ध मजुरीच्या काळातील नोंदी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यांत मजुराचे नाव, वय, जात, गाव, जहाज अशी माहिती असते. तेथे विचारणा करणे हे कोणत्याही सर्वसाधारण वर्गणीपेक्षा श्रेयस्कर.

जनुकीय चाचणी हाही सशुल्क मार्ग आहे, पण तिचा अहवाल जातवैधतेच्या कामी येत नाही आणि पणजोबांचे नाव सांगत नाही. 'ट्वेंटी-थ्री अँड मी' या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली व २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. रक्ताच्या नात्यातील सर्वांची माहिती एका व्यक्तीच्या चाचणीतून उघड होते, हे विसरता येत नाही.

५. निवडीचे निकष
पैसे भरण्यापूर्वी पुढील बाबी पडताळाव्यात.
१) संग्रहसूचीत 'रत्नागिरी' किंवा 'मुंबई इलाखा' यांच्या नोंदी आहेत का व त्या कोणत्या वर्षांच्या? 'भारत' एवढाच उल्लेख पुरेसा नाही.
२) ती नोंद मूळ कागदाची प्रतिमा आहे, सूची आहे की कोणा सदस्याने रचलेला वंशवृक्ष? 'जेनी' किंवा 'फॅमिलीसर्च'वरील सामायिक वृक्ष कोणीही बदलू शकतो. तो दावा असतो, पुरावा नव्हे.
३) वर्गणी आपोआप नूतनीकृत होते का? वार्षिक वर्गणीऐवजी एका महिन्याची घेऊन, सापडलेली प्रत्येक प्रतिमा स्थळ व दिनांकासह जतन करावी.
४) हयात व्यक्तींची जन्मतारीख, पत्ता वा छायाचित्र सार्वजनिक वृक्षात घालू नये.

शोध घेताना नावांची रूपे ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. जुन्या इंग्रजी कागदांत रत्नागिरीचे वर्णलेखन 'रुत्नाघेरी' असे आढळते. सावर्डे नावाची गावे कोल्हापूर जिल्ह्यात व गोव्यातही आहेत, म्हणून तालुक्याची खातरजमा केल्याशिवाय नोंद स्वीकारू नये. १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग हाही रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. जुन्या मराठी कागदांत आडनाव नसून 'अमुक बिन तमुक कुणबी' अशी पद्धत दिसते, तेव्हा केवळ आडनावावरून केलेला शोध निष्फळ ठरतो. शिवाय जुन्या महसुली कागदांपैकी बरेच मोडीत आहेत. मोडी वाचता येणे किंवा मोडी जाणणाऱ्याचे साहाय्य घेणे हे कोणत्याही परदेशी वर्गणीपेक्षा अधिक फलदायी होय.

६. निष्कर्ष
कुलेतिहासाचा शोध घरातून सुरू व्हावा. वृद्धांच्या आठवणी, जुनी रेशनपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा या क्रमाने मागे जावे. त्यानंतर विनामूल्य संकेतस्थळे आणि घराण्याची वाट समुद्रापलीकडे गेली असल्यासच सशुल्क स्रोत. आंतरजाल नोंद निर्माण करीत नाही, तर कोणीतरी पूर्वी केलेली नोंद केवळ जवळ आणते. ज्यांची नोंद त्या काळी सत्तेने तुटपुंजी ठेवली, त्यांच्यासाठी तलाठी कार्यालय व गावची शाळा हीच खरी दफ्तरे आहेत. ही दफ्तरे वाळवी व दमट हवा यांनी नष्ट होण्यापूर्वी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी संबंधितांच्या अनुमतीने त्यांची छायाचित्रित सूची तयार करणे, हे या परिसरातील उपयुक्त संशोधनकार्य ठरेल.