वेगाला गुण द्यायचे की अचूकतेला?

वेळ लावून घेतलेल्या चाचणीचा डेटा हातात आला की प्रत्येकामागे दोन आकडे असतात: सरासरी किती वेळ लागला आणि किती टक्के उत्तरं बरोबर आली. आपल्याला मात्र क्षमतेचा एकच आकडा हवा असतो. मग बरेच जण बरोबर उत्तरांच्या सरासरी वेळेला अचूकतेच्या प्रमाणाने भागून मोकळे होतात. हा इनव्हर्स एफिशियन्सी स्कोअर. आकडा जितका कमी, तितकी कामगिरी चांगली.

समजा, प्रत्येक प्रश्नाला दोनच पर्याय आहेत. 'अ'ला ६०० मिलिसेकंद लागतात, ९५ टक्के उत्तरं बरोबर. 'ब' ४८० मिलिसेकंदांत उरकतो, पण बरोबर ७६ टक्केच. भागाकार करून बघा, दोघांचाही स्कोअर ६३२च्या आसपास येतो. जवळपास पाचपट चुका करूनही 'ब' बरोबरीला! आता 'क'ला आणा. तो प्रश्न वाचतच नाही, ३०० मिलिसेकंदांत कुठलंही बटण दाबतो. निम्मी उत्तरं आपोआप बरोबर येतात. ३०० भागिले ०.५ म्हणजे ६००. क पहिला आला की! ब्रुयर आणि ब्रिसबार्ट यांनी २०११ मध्ये या स्कोअरबद्दल सावध केलं होतं, तरी तो सर्रास वापरला जातो.

मारिस आणि व्हॅन डर मास यांनी २०१२ मध्ये वेगळा नियम अभ्यासला. वेळमर्यादा ठरवायची. उत्तर बरोबर तर उरलेला वेळ हेच गुण, चुकलं तर तेवढेच वजा. मर्यादा एक सेकंद धरू, आणि चुकीच्या उत्तरांनाही तेवढाच वेळ लागतो असं मानू. 'अ'ला सरासरी ०.३६, 'ब'ला ०.२७, 'क'ला शून्य. अंदाजपंचे बटण दाबणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. नेदरलँड्समधल्या मुलांच्या एका ऑनलाइन गणित-सरावात हाच नियम नाण्यांच्या रूपात आहे: दर सेकंदाला एक नाणं कमी होतं, उरलेली मिळतात किंवा जातात.

पण हे सूत्र जुन्या डेटावर लावू नका. "लवकर आणि बिनचूक सोडवा" एवढंच सांगितलं असेल, तर कुणी जपून सोडवलं, कुणी धाडसाने. चूक किती महागात पडणार हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यामुळे नियम आधी सांगा, स्क्रीनवर दिसू द्या.

आणि मर्यादा एकच सेकंद का, हे गाइड विचारणारच. वेग आणि चुका त्याच ठेवून ती ०.७ सेकंद करा: 'अ'ला ०.०९, 'ब'ला ०.११. क्रम उलटला! म्हणून मर्यादा पायलटवरून ठरवा आणि मुख्य डेटा उघडण्याआधी आराखड्यात लिहून टाका.