साकोली ते विधानसभाध्यक्षपद : नाना पटोले यांची कारकीर्द

नाना पटोले १ डिसेंबर २०१९ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले. भंडारा जिल्ह्यातील आमदाराकडे हे पद येण्याची ही पहिलीच वेळ. विदर्भाच्या वाट्यालाही ते चार दशकांहून अधिक काळाने आले. त्यापूर्वीचे वैदर्भीय अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे. मुंबईतील क्रिकेट मैदान ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे वानखेडे. ते १९७२ ते १९७७ या काळात अध्यक्ष होते.

भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा जिल्हा. १९५६ पर्यंत तो मध्य प्रदेशात होता आणि त्याचे आमदार नागपूरच्या विधानसभेत बसत. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पराभव पत्करावा लागला, ही या जिल्ह्याच्या राजकीय इतिहासातील मोठी नोंद आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा लहान झाला. आज जिल्ह्यात तुमसर, भंडारा आणि साकोली असे विधानसभेचे तीनच मतदारसंघ आहेत. येथील राजकारण समजून घ्यायचे तर धानाचा हमीभाव, बोनस, चुकाऱ्यांची थकबाकी, मामा (माजी मालगुजारी) तलावांची दुरुस्ती आणि गोसीखुर्द धरणाचे पाणी हे विषय आधी समजून घ्यावे लागतात. पटोले यांची जडणघडण याच प्रश्नांत झाली.

५ जून १९६३ रोजी जन्मलेले पटोले साकोली तालुक्यातील शेतकरी घरातले. जिल्हा परिषदेतून ते पुढे आले. १९९९ आणि २००४ मध्ये ते काँग्रेसतर्फे लाखांदूर मतदारसंघातून विधानसभेवर गेले. पुढे पक्षाशी बिनसले आणि २००९ ची लोकसभा त्यांनी अपक्ष म्हणून लढवली. राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल यांच्याकडून ते हरले, पण त्यांचे स्वतःचे बळ या निवडणुकीत दिसून आले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत लाखांदूर मतदारसंघ संपला होता. त्याच वर्षी भाजपमध्ये जाऊन साकोलीतून ते आमदार झाले आणि २०१४ मध्ये त्यांनी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पटेल यांचा सुमारे १ लाख ४९ हजार मतांनी पराभव केला.

केंद्रात आपल्याच पक्षाचे सरकार असताना शेतकरी आणि इतर मागासवर्गीयांच्या प्रश्नांवर त्यांनी नेतृत्वावर उघड टीका केली आणि ८ डिसेंबर २०१७ रोजी खासदारकी सोडली. जानेवारी २०१८ मध्ये ते काँग्रेसमध्ये परतले. त्यांच्या रिक्त जागेवर मे महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे निवडून आले. २०१९ ची लोकसभा पटोले यांनी नागपुरात नितीन गडकरी यांच्याविरुद्ध लढवली आणि हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साकोलीत भाजपचे परिणय फुके यांचा सहा हजारांवर मतांनी पराभव करून ते चौथ्यांदा विधानसभेत पोहोचले.

निवडणुकीनंतरचा महिना अभूतपूर्व गोंधळाचा ठरला. राष्ट्रपती राजवट, भाजपच्या मुख्यमंत्र्यांचा पहाटेचा शपथविधी, सर्वोच्च न्यायालयाचा हस्तक्षेप आणि अखेर २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांचा शपथविधी. नव्या आघाडीतील तीन पक्षांच्या वाटपात अध्यक्षपद काँग्रेसकडे आले. ३० नोव्हेंबरला सरकारने १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. दुसऱ्या दिवशी भाजपचे किसन कथोरे यांनी अर्ज मागे घेतला आणि पटोले अध्यक्ष झाले.

अध्यक्ष कोणत्याही पक्षाकडून निवडून आलेला असो, खुर्चीवर बसल्यावर त्याने बाजू घ्यायची नसते. मतदान समसमान झाले तरच त्याचे मत मोजले जाते. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत त्याला पक्ष सोडण्याची खास मुभा आहे, ती याच तटस्थतेसाठी. ज्यांची सारी ओळख बाजू घेण्यातून झाली होती, अशा नेत्याला हे पद अवघड जाणार हे उघड होते.

त्याचा प्रत्यय ८ जानेवारी २०२० रोजी आला. अनुसूचित जाती-जमातींच्या राजकीय आरक्षणाला दहा वर्षांची मुदतवाढ देणाऱ्या घटनादुरुस्तीला अनुमोदन देण्यासाठी एक दिवसाचे विशेष अधिवेशन बोलावले होते. त्या दिवशी इतर मागासवर्गीयांची जातनिहाय जनगणना करावी, असा केंद्राला उद्देशून ठराव पटोले यांनी अध्यक्षांच्या आसनावरून स्वतःच मांडला आणि सभागृहाने तो संमत केला. ठराव सरकार किंवा सदस्य मांडतात आणि अध्यक्ष तो मताला टाकतात, हा नेहमीचा रिवाज. तो इथे बाजूला पडला. विदर्भातील मोठ्या समाजघटकाची जुनी मागणी विधिमंडळाच्या दप्तरात गेली, ही या ठरावाची खरी कमाई. अध्यक्षाने पायंडा मोडावा का, हा प्रश्न मात्र रास्तच होता. २०२१ ची जनगणना पुढे गेली. आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला.

बाकी कारकीर्द करोनाच्या सावटाखाली गेली. २०२० चे अर्थसंकल्पी अधिवेशन १४ मार्चला आटोपते घ्यावे लागले. त्याच दिवशी नरहरी झिरवाळ उपाध्यक्ष झाले. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशने मुंबईत दोन-दोन दिवसांत उरकली आणि नागपूरला त्या वर्षी अधिवेशनच झाले नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. भंडाऱ्यासाठी त्या वर्षाची ही सर्वांत दुःखद घटना. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पटोले यांनी मतदानयंत्रासोबत मतपत्रिकेचाही पर्याय देणारा राज्याचा कायदा करता येईल का, हे तपासण्यास सांगितले. ते काम तिथेच राहिले.

४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांनी उपाध्यक्ष झिरवाळ यांच्याकडे राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अध्यक्षपदाची चौदा महिन्यांची कारकीर्द संपली, पण तिच्या शेवटाचे परिणाम कारकिर्दीपेक्षा मोठे ठरले. खुर्ची जवळजवळ सतरा महिने रिकामी राहिली. जुलै २०२१ मध्ये तालिका अध्यक्ष भास्कर जाधव आसनावर असताना भाजपचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. हे निलंबन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द केले. डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षाच्या निवडीतील गुप्त मतदान बंद करणारी नियमदुरुस्ती झाली, पण राज्यपालांनी निवडणुकीला संमती दिली नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा अपात्रतेच्या नोटिसा काढण्याचे काम उपाध्यक्षांवर आले आणि त्यांच्याच अधिकाराला आव्हान दिले गेले. ठाकरे सरकार पडल्यावर ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले आणि ती प्रकरणे त्यांच्यापुढे गेली. त्या वेळी खुर्चीवर निवडून आलेला अध्यक्ष असता तर निकाल वेगळा लागला असता का, हे सांगता येणार नाही. मात्र इतके महत्त्वाचे घटनात्मक पद एवढा काळ रिकामे ठेवणे ही सत्ताधारी आघाडीची गंभीर चूक होती.

२०२४ च्या लोकसभेत पटोले यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने राज्यात १३ जागा जिंकल्या आणि भंडारा-गोंदियाही मिळवली. काही महिन्यांनी विधानसभेत पक्ष १६ जागांवर घसरला. साकोलीत ते स्वतः अवघ्या २०८ मतांनी वाचले. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदेशाध्यक्षपद हर्षवर्धन सपकाळ यांच्याकडे गेले. १ जुलै २०२५ रोजी सत्ताधाऱ्यांच्या शेतकऱ्यांबद्दलच्या वादग्रस्त विधानांवर माफीची मागणी करत पटोले अध्यक्षांच्या आसनापर्यंत गेले आणि अध्यक्ष नार्वेकर यांनी त्यांना त्या दिवसापुरते निलंबित केले.